१० बाय ११ची बेडरूम लावताना

बेडरूम आपण सर्वांत जास्त वापरतो ती अंधारात आणि अर्धवट झोपेत. दुकानात मात्र ती आपल्याला लख्ख उजेडात दाखवतात, चादर चापूनचोपून घातलेली, आजूबाजूला मोबाईलचा चार्जर नाही, उद्या परत घालायची जीन्स नाही, पाण्याची बाटली नाही. तिथेच आपण फसतो. मीही फसले.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटची बेडरूम १० बाय ११. पहिल्यांदा लावली तेव्हा मी सगळं उलट क्रमाने केलं. आधी रंग, मग पडदे, आणि सगळ्यात शेवटी पलंग. नवरा उंच, शिवाय ‘घेतोच आहोत तर मोठाच घेऊ’ हा आपला नेहमीचा हिशोब, म्हणून ७८ बाय ७२ची गादी. चौकट धरून पलंग झाला ७६ इंच रुंद. खोलीची रुंदी १२० इंच, त्यातून समोरच्या भिंतीवरच्या कपाटाचे २४ गेले. पलंग पलीकडच्या भिंतीला अगदी चिकटवला तरी मधे उरले २० इंच, आणि कपाटाचं एकेक दार २२ इंचांचं! दार अर्धवट उघडून गादीला टेकायचं. आतली साडी काढायची तर पलंगावर गुडघे टेकून, मान वाकडी करून हात घालायचा. भिंतीकडे जो झोपेल त्याला रात्री बाथरूमला जायचं तर दुसऱ्याला ओलांडून. चार वर्षं काढली अशी. मग तो पलंग विकून ५ फुटी घेतला आणि खोली पुन्हा पहिल्यापासून लावली. खाली सांगते आहे तो क्रम त्या दुसऱ्या खेपेचा आहे.

पहिलं काम: टेप आणि जुनी रद्दी

बिल्डरच्या नकाशावर विसंबू नका. प्लास्टर आणि पुट्टी झाल्यावर इंच-दीड इंच कमी भरू शकतो, आणि भिंती काटकोनात असतीलच असं नाही. प्रत्येक बाजू दोन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप खरं धरा. दार कुठल्या बाजूला आणि किती उघडतं, खिडकीची चौकट जमिनीपासून किती वर आहे, कॉलम किती पुढे आलाय, स्विचबोर्ड आणि एसीच्या पाइपचं भोक कुठे आहे, हे सगळं एका कागदावर काढा. चित्र सुबक नसलं तरी चालतं, आकडे बरोबर हवेत.

मग रद्दी काढा. पलंगाच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरून चिकटपट्टीने चिकटवा. कपाटाच्या जागीही तसंच, आणि दारं उघडल्यावर जेवढी पुढे येतील तेवढा पट्टा वेगळा. दोन दिवस ती रद्दी तशीच राहू द्या. त्या दोन दिवसांतल्या एका रात्री दिवा मालवून दारापासून ‘पलंगापर्यंत’ आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत चालून बघा. हसू येईल, पण बघाच. कागद जिथे पायाखाली चुरगळेल तिथे उद्या पलंगाचा कोपरा नडगीला लागणार आहे.

चालायला २४ इंच मोकळे असले की सुखाने जाता येतं, १८ इंचांत आडवं होऊन जावं लागतं. कपाटापुढे मात्र ३० इंच ठेवा. तिथे माणूस नुसता उभा राहत नाही, वाकतो, खालचा कप्पा ओढतो, साडीची घडी घालतो.

आणि डोकं कुठल्या दिशेला, हा प्रश्न याच टप्प्यावर सोडवून टाका. माझा वास्तूवर फारसा विश्वास नाही. पण पलंग येऊन पडल्यावर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “अगं, दक्षिणेकडे पाय करून झोपतं का कुणी?” आणि पलंग फिरवायला दोन माणसं बोलवावी लागली. रद्दी फुकटात फिरते. घरात ज्यांचं मन राखायचं त्यांना रद्दी असतानाच बोलवा.

आधी गादी, मग पलंग

सगळे करतात उलट: सुताराकडून देखणा पलंग करून घेतात आणि मग त्या मापाची गादी शोधत फिरतात. तयार गाद्या ठरावीक मापांत मिळतात. लांबी ७२, ७५ किंवा ७८ इंच. रुंदी ३६ म्हणजे सिंगल, ४८ म्हणजे डबल, ६० म्हणजे क्वीन आणि ७२ म्हणजे किंग. सुताराने डोळ्यांना बरं दिसतं म्हणून ६३ इंचांचा पलंग केला, तर गादी ऑर्डर देऊन करावी लागते, आणि पुढे प्रत्येक चादरीची तीच रडकथा.

लांबीत काटकसर करू नका. ५ फूट १० इंच उंचीचा माणूस म्हणजे ७० इंच, त्यात उशी आणि ताणलेले पाय. ७२ इंचांच्या गादीवर त्याची बोटं बाहेर लोंबणार. दोन माणसांना ६० इंच रुंदी पुरते. मधे लहान मूल झोपत असेल तर ७२चा मोह होतो, आणि तो खोटाही नाही, पण १० फुटी खोलीत त्याची किंमत चालायच्या जागेत मोजावी लागते. आम्ही ६०चाच ठेवून पलंगाखालून ओढायची एक बुटकी गादी केली. दिवसा आत, रात्री बाहेर.

नव्या मांडणीचा हिशोब असा: ६० इंचांची गादी, चौकटीसकट ६४. १२० मधून ६४ आणि कपाटाचे २४ वजा, उरले ३२. त्यातले २ इंच भिंतीच्या बाजूला सोडले, चादर खोचायला हात जावा म्हणून. कपाटापुढे ३० राहिले. १२ इंचांनी सगळं घर सुटसुटीत झाल्यासारखं वाटलं. भिंतीकडची बाजू अजून बंदच आहे, पण तिकडे आता मी झोपते आणि पायथ्याकडून उतरते. माझी झोप गाढ, हा तोडगा प्रत्येकाला जमेल असं नाही.

उंची बघा. गादीसकट १८ ते २० इंच असली की काठावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर आणखी एक-दोन इंच वर घ्या. फोटोत झकास दिसणारे जमिनीलगतचे पलंग पन्नाशीनंतर उठायला शत्रू होतात.

आता पलंगाखालचं सामान. लहान घरात बॉक्सला पर्याय नाही हे मान्य. वर उचलायचा हायड्रॉलिक असेल तर त्याचे गॅसचे दांडे तुमच्या गादीच्या वजनाला साजेसे आहेत ना ते दुकानात विचारा. काथ्याची किंवा कापसाची जड गादी आणि हलके दांडे, की झाकण वर राहत नाही. ड्रॉवर असतील तर पूर्ण बाहेर यायला समोर तेवढी जागा हवी, रद्दीवर तीही मोजा. आणि बॉक्समध्ये हवा खेळायला मागच्या फळीला चार-सहा भोकं पाडून घ्या. कोकणपट्टीतल्या पावसात बंद बॉक्समधल्या गोधड्यांना जो कुबट वास येतो तो दोन उन्हांनीही जात नाही.

गादी उचलून आणण्याआधी लिफ्टचंही माप घ्या. ७८ इंचांची गादी लिफ्टमध्ये उभी मावेलच असं नाही, आणि जिन्याच्या वळणावर ती दुमडता येत नाही. आमची चौथ्या मजल्यापर्यंत चौघांनी डोक्यावर नेली.

कपाट कुठल्या भिंतीला?

जागा कुठे उरते यापेक्षा भिंत कोरडी कुठे आहे यावर हे ठरतं. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. बाथरूमला लागून असलेली भिंत बारा महिने संशयित. शंका असेल तर एक साधी परीक्षा आहे: फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दव असेल तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा. पहिल्या प्रकारात आधी बाहेरून गळती बंद करायला हवी. आतून पुट्टी लावून झाकलेली ओल पुढच्या श्रावणात पापुद्रे होऊन खाली येते.

दुसरी जागाच नसेल तर कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि मागची फळी चांगल्या प्लायची घ्या. प्लायच्या पाटीवर आयएसआयचा शिक्का असतो आणि त्याखाली आकडा. ३०३ हा घरातल्या सर्वसाधारण कामाचा आणि ७१० हा मरीन, पाणी सोसणारा. बाथरूमलगतच्या भिंतीसाठी ७१० मागा आणि कापण्याआधी शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचं तयार कपाट स्वस्त पडतं, पण खालून एकदा पाणी लागलं की ते पुरीसारखं फुगतं.

कपाट आतून २२ ते २४ इंच खोल हवं, नाहीतर हँगर आडवा मावत नाही. सरकती दारं घेतलीत तर रुळांचे दोनेक इंच आणखी जातात. ज्यांच्याकडे पलंग आणि कपाटात २४ इंचसुद्धा उरत नाहीत त्यांनी सरकतीच घ्यावीत, बाकीच्यांनी उघडती. सरकत्या दारांत एका वेळी अर्धंच कपाट दिसतं आणि हवी ती वस्तू नेहमी दुसऱ्या अर्ध्यात असते. भाड्याच्या घरात किंवा दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी सुताराच्या भानगडीत न पडता सरळ लोखंडी कपाट घ्यावं. आईचं लग्नातलं कपाट तीन घरं फिरून अजून कुरकुरत नाही, आणि आरसा दारालाच असतो.

आतले कप्पे करायला देण्याआधी कपड्यांचे ढीग करून मोजा. शर्ट-कुर्त्यांना टांगायला सुमारे ४० इंच उंची लागते, लांब ड्रेसना ५५-६०. आमच्या सुतारकाकांनी सवयीने अर्धं कपाट लांब टांगण्यासाठी केलं होतं आणि माझ्याकडे लांब ड्रेस होते दोन. बाकीच्या जागेत खाली पिशव्यांचा डोंगर. माळ्यापर्यंत कपाट नेत असाल तर वरचा खण पाहुण्यांच्या अंथरुणांना द्या, स्टुलावर चढून रोज काही काढायला लागू नये.

आता त्या खुर्चीबद्दल. प्रत्येक बेडरूममध्ये एक खुर्ची असते जिच्यावर कुणी बसत नाही. एकदा घातलेले, धुवायला टाकायचे नाहीत पण कपाटातही ठेववत नाहीत असे कपडे तिच्यावर साठतात. दर रविवारी आवरा, मंगळवारी ती भरलेलीच. आळस म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही, त्या कपड्यांना घरात जागाच दिलेली नसते. दारामागे माणशी तीन-तीन दणकट खुंट्या लावा, एक रांग खांद्याच्या उंचीला आणि एक मुलांसाठी खाली. आमची खुर्ची त्यानंतर बाहेरच्या खोलीत गेली आणि तिच्यावर माणसं बसायला लागली.

वायरमनला रंगाऱ्याच्या आधी बोलवा

हे चुकलं की नव्या रंगावरून पांढऱ्या पट्ट्यांतून वायरी फिरतात. पलंगाची जागा नक्की झाली की भिंतीवर पेन्सिलीने उशीची रेघ मारा आणि वायरमनला त्या रेघेशी उभं करा. काय मागायचं ते असं: पलंगाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून २६-२७ इंचांवर, एकेक प्लग. खोलीच्या मुख्य दिव्याला टू-वे स्विच, म्हणजे दाराशी लावला तर उशीपाशी मालवता येतो. पंख्याचा रेग्युलेटरसुद्धा हाताशी. पहाटे चारला थंडी वाजते तेव्हा पंखा कमी करायला कुणी उठत नाही, सगळे पांघरूण ओढत कुडकुडतात. एसी लावायचा विचार असेल तर त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आत्ताच काढून ठेवा, आणि झोत सरळ डोक्यावर येणार नाही अशी भिंत निवडा.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा पांढराफटक. बेडरूमला पिवळसर घ्या. पण कपाटापुढे एक ४०००च्या आसपासचा असू द्या, नाहीतर निळा आणि काळा सॉक्स एकाच पायजोडीत जातो. वाचणाऱ्याला उशीच्या बाजूला, खाली झोत टाकणारा छोटा दिवा, म्हणजे शेजारच्याची झोपमोड होत नाही.

आणि पायाशी रात्रीचा दिवा. पूर्वीचा झिरोचा बल्ब नावालाच झिरो, दहा-पंधरा वॅट खायचा. आताचा एलईडी अर्ध्या-एक वॅटमध्ये भागतो. तो डोळ्यांच्या उंचीवर लावू नका, जमिनीपासून फूटभर वर लावा. चप्पल, पलंगाचा पाया आणि बाथरूमचा उंबरठा एवढंच दिसलं की पुरे.

रंग आणि पडदे

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दिवाळीच्या सुमारास, भिंती वाळल्यावर रंगाचं काम काढा. कार्डावरच्या चिमुकल्या चौकोनावरून निवडू नका. छोटा डबा आणून दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारा आणि सकाळी, दुपारी, रात्रीच्या दिव्यात बघा. कार्डावरचा रंग चार भिंतींवर गेला की नेहमी एक घर गडद वाटतो. पलंगामागे गडद भिंत हवी तर करा. तुमचं तोंड तिकडे नसतंच, पाहुण्यांना दिसते.

पीओपीचं सिलिंग मात्र विचार करून. साध्या फ्लॅटची उंची ९-साडेनऊ फूट. त्यातून ५-६ इंच सिलिंगचे गेले, पंख्याची दांडी खाली आली, की पलंगावर उभं राहून गादीचं कव्हर चढवताना हात पात्यापाशी पोचतो. दुमजली पलंगाचा विचार असेल तर हे आणखी काटेकोर बघा.

पडदे तयार मिळतात ते ५, ७ आणि ९ फूट लांबीचे: खिडकी, दार आणि उंच दार. एकेक पदर साधारण ४ फूट रुंद. ४ फुटी खिडकीला एक पदर मापात बसतो, पण ओढल्यावर चादरीसारखा सपाट दिसतो. दोन घ्या, चुण्या पडल्या पाहिजेत. दांडी खिडकीच्या वर सहा इंच आणि दोन्ही बाजूंना सहा-आठ इंच बाहेर नेली तर दिवसा पडदा पूर्ण भिंतीवर सरतो आणि काचेतून सगळा उजेड आत येतो. रस्त्याचा दिवा खिडकीसमोर असेल तर अस्तराचा जाड पडदा लावा, आणि त्याच्या आत दिवसासाठी पातळ सुती. मखमली वगैरेंच्या नादी लागू नका. आमच्याकडे महिन्याभरात पडद्यावर जी धूळ बसते, तिला मशीनमध्ये धुता येणारं कापडच पुरं पडतं.

डासांची जाळी पडद्याआधी बसवा. सरकत्या खिडकीला जाळीचं तिसरं दार करून मिळतं, नाहीतर चिकटणारी वेल्क्रोची. दोन्हींतलं काहीच जमत नसेल तर मच्छरदाणीसाठी भिंतीत चार हूक रंगाआधी ठोकून घ्या.

अंथरूण-पांघरूण

गादी दुकानात दहा मिनिटं कुशीवर झोपून बघितल्याशिवाय घेऊ नका. विक्रेता बघत असतो, लाज वाटते, तरी झोपा. खांदा दुखला तर कडक, कंबर खाली गेली तर मऊ. कापसाची गादी ज्यांना मानवते त्यांनी ती बदलायची काही गरज नाही. फक्त मेच्या उन्हात गच्चीवर टाकायची तयारी हवी आणि काही वर्षांनी पिंजून घ्यायला हवी. मोठ्या पलंगाला एकच अखंड न भरता दोन सिंगल भरून घ्या, एकट्या माणसाला उचलता येतात.

चादरी सुती, तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो. शोभेच्या उशा मला कधीच कळल्या नाहीत. रात्री त्या जातात कुठे? जमिनीवर, म्हणजे बरोबर चालायच्या वाटेत.

एसीत किंवा पहाटेच्या गारव्यात सोलापुरी चादर पुरते. तिचं विणकाम दोन्हीकडून, एका बाजूचा रंग दुसऱ्या बाजूला उलटा, त्यामुळे उलटसुलट कशीही टाकली तरी पलंग नीटनेटका दिसतो. आणि घरात आजीच्या नऊवारी लुगड्यांची गोधडी असेल तर ती बॉक्समध्ये दडवू नका, पायथ्याशी घडी करून ठेवा. आमच्या गोधडीच्या एका कोपऱ्यात धावदोरा मधेच हिरव्याचा तांबडा होतो, आजीचा दोरा तिथे संपला होता. भिंतीवरच्या कुठल्याही फ्रेमपेक्षा तिथेच सगळ्यांची नजर जाते.

सगळ्यात शेवटी भिंती

महिनाभर त्या खोलीत राहा, मग फ्रेमा आणा. एव्हाना चष्मा कुठे ठेवला जातो, तांब्याभांडं कुठे लागतं, हे हाताला कळलेलं असतं. तिथे छोटी फळी किंवा स्टूल येऊ द्या, भिंत उरलीच तर चित्र. उशीच्या बरोबर वर काचेची जड फ्रेम टांगू नका. भाड्याचं घर असेल तर भोकं पाडण्याआधी मालकांना मेसेज करून होकार लेखी घ्या, अकरा महिन्यांनी डिपॉझिटच्या वेळी तोच कामाला येतो. आणि ड्रिल हातात घेतलंत की आधी स्विचबोर्ड बघा. भिंतीतल्या वायरी बहुतेक करून बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली गेलेल्या असतात. उशीपाशी आपणच हौसेने प्लग काढून घेतलेत, त्यांच्या रेषेत खिळा ठोकायचा नाही. पेन्सिलीची ती खूण रंगाखाली जाण्याआधी तिचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.